बोर्गिलच्या दोन डोळ्यांतला निळा

"भिंत अजून पिवळीच दिसतेय," बोर्गिल म्हणाली.

स्टेइनार शिडीवरून खाली उतरला. स्वयंपाकघराची ती भिंत तो दुसऱ्यांदा रंगवत होता. "पांढरीच आहे गं. डब्यावरसुद्धा पांढरा लिहिलंय."

"डब्यावर काय, वाट्टेल ते लिहितील. नवा डोळा आहे माझा. मला कळत नाही होय?"

स्टेइनारने जन्मभर सुतारकाम केलेलं. ओल्या लाकडाशी आणि बायकोशी हुज्जत घालून उपयोग नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने डब्याचं झाकण लावलं, कॉफी प्यायली, तोच डबा पुन्हा उघडला आणि त्याच रंगाचा आणखी एक हात मारला. संध्याकाळी बोर्गिल भिंतीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हं. आता कसं!"

हा किस्सा त्याने मुलाला फोनवर हसत हसत सांगितला. मुलगा आयविनही हसला. त्यात काळजी करण्यासारखं काही असेल असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बोर्गिल कोण, ते आधी सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात तिला न घाबरणारी बाई शोधायला निघालात तर दमून परत याल. कारण बुनाड. बुनाड म्हणजे आमचा सणासुदीचा पोशाख. काळा लोकरी घागरा, पांढरं झंपर, वर लाल बंडी आणि बंडीवर लोकरीच्या धाग्याने भरलेली फुलं. दर खोऱ्याचा बुनाड वेगळा आणि त्यात पाकळीने कुठे वळायचं तेसुद्धा ठरलेलं. तिथे स्वतःची अक्कल चालवायची नसते. सतरा मेची, आमच्या राष्ट्रीय दिवसाची, मिरवणूक संपली की बोर्गिल चर्चच्या पायऱ्यांशी उभी राहायची आणि एकेकीला हेरायची. "ते कानातले काढ आधी, बाजारातले आहेत." "परकर दिसतोय खालून." "बुनाडवर काळा चष्मा? शोभतं का हे?" असल्या बायकांना आमच्याकडे बुनाड-पोलीस म्हणतात. इतर गावांत ते चेष्टेने म्हणतात, आमच्याकडे म्हणताना लोक आधी मागे वळून बघायचे.

पण तिला तो हक्कही होता. खोऱ्यातले निम्मे बुनाड तिच्या हातचे. तिचं भरतकाम उलटं करून बघा, मागची बाजूही पुढच्यासारखीच नेटकी. लोकरीच्या छटांना नंबर असतात, ते बघणाऱ्या बायकांची तिला कीव यायची. "नंबर शिकाऊ पोरींसाठी," ती म्हणायची. "माझ्या डोळ्यांत बसलाय आमचा निळा."

आणि नेमके डोळेच दगा देऊन बसले.

सुरुवात धुक्याने झाली. सकाळी उठावं तर खिडकी, स्टेइनार, ब्रेडवरचं तपकिरी चीज, सगळं वाफेतून दिसल्यासारखं. दुपारपर्यंत हळूहळू निवळायचं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थरातल्या पेशी मरत चालल्या होत्या आणि रात्री डोळे मिटले की तिथे पाणी साचायचं. कुणीतरी तिला सांगितलं की केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून डोळ्यांवर गरम हवा मारली की पाणी लवकर सुकतं. मग काय, रोज सकाळी ही बाई टेबलाशी डोळे वटारून बसलेली आणि तोंडावर ते यंत्र घोंघावतंय. स्टेइनारला रेडिओवरच्या बातम्या ऐकू येईनात.

तपासणीची वेळ मिळाली ती दुपारची. दुपारी तिला सगळं दिसायचं. तक्त्यावरची अक्षरं तिने घडाघडा वाचली. मग तिला सांगण्यात आलं की अजून वेळ आहे, पुढच्या वर्षी या. घरी येईपर्यंत बोर्गिल गाडीत एक शब्द बोलली नाही आणि घरी आल्यावर थांबली नाही.

"सकाळी बोलवा म्हणावं मला! सकाळी मला माझा नवरा आणि कोटाची खुंटी यातला फरक कळत नाही!"

"तसा तो मला पण कधी कधी कळत नाही," स्टेइनार म्हणाला.

शेवटी सकाळची वेळ मिळाली आणि शहरातल्या डॉक्टर सीरीने कपाळाला हात लावला. पडदा बदलावा लागणार होता, दोन्ही डोळ्यांचा. कुणा मेलेल्या माणसाच्या डोळ्यातला तेवढाच पातळ थर काढून तिच्या डोळ्यात बसवायचा. आधी डावा.

"बोर्गिल, तुमच्या भिंगातही मोतीबिंदू धरायला लागलाय," डॉक्टर म्हणाली. "एकाच वेळी दोन्ही करून टाकू. पडदाही बदलू, भिंगही बदलू."

"भिंगाने काय पाप केलंय? दुपारी मला चांगलं दिसतं. जे बिघडलंय तेवढं दुरुस्त करा."

"हल्ली काही ठिकाणी नुसता पडदाही बदलतात. पण पडदा बदलल्यावर मोतीबिंदू भराभर वाढू शकतो. मग पुन्हा यावं लागेल."

"तेव्हाचं तेव्हा बघू," बोर्गिल म्हणाली. चांगली वस्तू फेकून नवी घेणं तिच्या रक्तात नव्हतं. तिचा बटाटे उकडायचा टोपसुद्धा आईच्या वेळचा. डॉक्टरने खांदे उडवले आणि फक्त पडदा बदलला.

ऑपरेशनपेक्षा नंतरचं पडून राहणं वाईट. नवा थर जागेवर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलेला, तो वर दाबून धरायचा म्हणून हिने छताकडे तोंड करून उताणं पडायचं. कुशीवर नाही, उशी नाही. स्टेइनार चमच्याने माशाचं सूप भरवायचा आणि ती वरच्या फळ्यांमधल्या गाठी बघत त्याला शिव्या घालायची.

"हलू नकोस. पाणसळीतला बुडबुडा आहे तो. मधे राहिला पाहिजे."

"मी काय तुझं कपाट आहे?"

बुडबुडा विरला, पडदा चिकटला, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी बोर्गिलला फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या आमच्या खाडीच्या, पलीकडच्या किनाऱ्यावरचं बोटघर दिसलं. सकाळी! ती स्टेइनारला हलवून हलवून सांगत सुटली. मग तिने पेटी उघडली आणि नातीच्या बुनाडचं लाल कापड बाहेर काढलं.

नात म्हणजे तूवा, आयविनची मुलगी. दोन वर्षांनी तिचं कन्फर्मेशन होतं, वयात येणाऱ्या पोरांचा चर्चमधला विधी. आमच्याकडे पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा पुऱ्या मापाचा बुनाड घालते आणि मग जन्मभर घालते. तो आजीच्या हातचा असला तर विचारूच नका. बोर्गिलला हा एक बुनाड करायचा होता. "यानंतर सुई खाली ठेवली तरी चालेल," ती म्हणायची. तिच्या आयुष्यभराच्या कामावरचा हा शेवटचा शिक्का होता. चुकून चालणार नव्हतं.

निळी लोकर सुनेने आणली. हेगे ऑस्लोची. तिने दुकानात नंबर बघून घेतली होती.

"ही काय आणलीस? राख कालवल्यासारखी आहे," बोर्गिल म्हणाली.

"आई, नंबर हाच आहे. मी दोनदा बघितला."

"नंबर, नंबर! तुला रंगातलं काय कळतं? तू शहरातली. परत दे आणि वरची छटा आण."

हेगेने वरची छटा आणली. तीही परत गेली. तिसरी आणली तेव्हा बोर्गिलचा चेहरा खुलला. पेटीत तिचा स्वतःचा जुना बुनाड होता. तो शेजारी ठेवून बघावं, तर म्हणाली, "हा धुऊन धुऊन विटलाय." आणि दोन हिवाळे ती खिडकीशी बसून भरत राहिली. धुकं गेलं होतं. टाका स्वच्छ दिसत होता. मग शंका यायची कशाला?

त्या दोन हिवाळ्यांच्या मधल्या सतरा मेला तिने ओस्लाउगला चर्चच्या पायऱ्यांवर अडवलं. ओस्लाउगसुद्धा भरतकामात मुरलेली बाई, जवळपास बोर्गिलच्या तोडीची. लेकीसाठी नवा बुनाड भरून आणला होता.

"निळा फिका पडलाय तुझा," बोर्गिल सगळ्यांसमोर म्हणाली. "लोकर नीट बघून घ्यायची होतीस."

ओस्लाउगचा चेहरा लाल झाला. "तो निळा बरोबर आहे," ती एवढंच म्हणाली, लेकीचा हात धरून निघून गेली आणि त्यानंतर तिने बोर्गिलशी बोलणं टाकलं. दुकानात भेटली तरी चीजच्या फडताळाकडे तोंड करून उभी राहायची.

यंदाच्या फेब्रुवारीत उजव्या डोळ्याची पाळी आली. त्या डोळ्यातला मोतीबिंदू एव्हाना चांगलाच पिकला होता, त्यामुळे या वेळी वाद नव्हता. पडदा आणि भिंग, दोन्ही एकदम. डॉक्टर सीरीने विचारलं, "नवं भिंग लांबचं बसवू की जवळचं? एकच निवडावं लागेल. दुसऱ्यासाठी चष्मा."

कुणीही म्हणालं असतं की भरतकाम करणाऱ्या बाईने जवळचं घ्यावं. पण बोर्गिलच्या डोळ्यांसमोर चर्चच्या पायऱ्या होत्या. "लांबचं," ती म्हणाली. "जवळचं मी डोळे मिटूनही भरते. मला पटांगणाच्या त्या टोकाचं दिसायला हवं."

पुन्हा छत, पुन्हा गाठी, पुन्हा माशाचं सूप. मग पट्टी निघाली, आधी पाण्याखाली असल्यासारखं दिसलं, आणि मार्चमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि थबकली.

"स्टेइनार! ही भिंत कधी रंगवलीस? दूधडेअरीसारखी पांढरीफटक करून ठेवलीय!"

स्टेइनार ब्रेड कापत होता. सुरी तशीच राहिली. "ती दोन वर्षं अशीच आहे," तो म्हणाला.

बोर्गिलने उजवा डोळा झाकला. भिंत साईच्या रंगाची झाली. डावा झाकला. पांढरीफटक. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. डाव्यात जुनंच भिंग होतं, मोतीबिंदूने पिवळं पडलेलं. मग ती आत गेली आणि पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

स्टेइनार दारात पोचला तेव्हा बंडी खिडकीच्या उजेडात पसरलेली होती आणि बोर्गिल तिच्यापासून चार पावलं लांब उभी होती, कारण नव्या डोळ्याला लांबूनच दिसायचं. डाव्या डोळ्याने बघितलं तर फुलं तिच्या मनातल्या निळ्याची, शांत, खोल. उजव्याने बघितलं तर होडीवर घालायच्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचा निळा. सगळ्या बंडीभर. शेजारी तिचा जुना बुनाड टाकलेला होता. तो विटला नव्हता. तो बरोबर होता. हेगेने आणलेली पहिली लोकरही बरोबर होती, आणि ओस्लाउगचीही.

"तुला दिसत होतं?" तिने विचारलं.

स्टेइनारने मान डोलावली.

"आणि हेगेला? आयविनला?"

"सगळ्यांना दिसत होतं, बोर्गिल."

झालं! त्या दिवशी आमच्या अर्ध्या खोऱ्याला तिचा आवाज ऐकू गेला. तिने मुलाला फोन लावला, मुलाने घाबरून हेगेकडे दिला.

"आई, मी तेव्हाच सांगितलं होतं, नंबर हाच आहे म्हणून. तुम्ही मला शहरातली म्हणालात."

"एकदा सांगितलंस! दुसऱ्यांदा का नाही सांगितलं? भांडायचं होतंस! दोन वर्षं मी भरत होते आणि तुम्ही सगळे कॉफी पीत बघत होतात?"

"तुमचे डोळे... आम्हाला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"आता फार छान वाटतंय का मला?"

मग फोनवर तूवा आली. "आजी, मला माहीत होतं गं. चालतं. मला आवडतो तो."

"चालतं? बुनाड 'चालत' नसतो, तूवा! बरोबर असतो नाहीतर चूक असतो!"

फोन ठेवल्यावर स्टेइनार हळूच म्हणाला, "अगं, कुणाच्या तरी मरणामुळे तुला डोळे मिळाले. धुकं गेलं. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"म्हणूनच लावून घेतेय! मेलेल्या माणसाने खरं बघायला डोळा दिला, आणि जिवंत माणसं मला खोटं दाखवत बसली! मी काय आजारी कुत्रं आहे, गोंजारायला? खोऱ्यातल्या शेंबड्या पोरीची चूक मी तोंडावर सांगते, कारण मला वाटतं तिला जमेल. आणि मला कुणी सांगत नाही. म्हणजे मला आता जमणार नाही असंच ठरवलंत ना सगळ्यांनी?"

ते खरं होतं. स्टेइनारने तिची कात्री शोधून आणून दिली.

तिने उसवायला घेतलं. पण कसं करणार? खरा रंग दिसायचा त्या उजव्या डोळ्याला जवळचं काही दिसत नव्हतं. जवळचं दिसायचं त्या डाव्याला रंग कळत नव्हता, आणि मोतीबिंदू वाढून आता तोही धूसर झाला होता. तिने डॉक्टरला फोन करून वाचायचा चष्मा मागितला.

"इतक्यात नको," डॉक्टर सीरी म्हणाली. "पडदा अजून बसतोय, नंबर बदलत राहील. उन्हाळ्यात बघू. ऑपरेशन खरंच छान झालंय, बोर्गिल. लांबच्या तक्त्यावरची जवळजवळ सगळी अक्षरं वाचलीत तुम्ही."

"तक्ता घालून पोरगी चर्चमध्ये जाणार आहे का?" बोर्गिल म्हणाली आणि फोन ठेवला.

दुकानातला तयार चष्मा आणला, त्याने डोकं दुखायला लागलं. मग तिने स्वतःची रीत काढली. डावा डोळा झाकून, लोकरीची लडी हातभर लांब धरून रंग ठरवायचा. मग उजवा झाकून टाका घालायचा. सुई ओवायचं काम स्टेइनारकडे. डोळ्यात औषधाचे थेंब घालायची वेळ झाली की सुई खाली. जो टाका पूर्वी एका दमात पडायचा तो तीनदा उसवावा लागायचा. रडू यायचं, आणि डॉक्टरने डोळे चोळू नका म्हटलेलं, त्यामुळे धड रडताही यायचं नाही. मे उजाडला तेव्हा खांद्याजवळची दोन फुलं तेवढी बदलून झाली होती.

हेगे म्हणाली, भाड्याने आणूया एखादा. तूवा म्हणाली, मी आजीचाच घालणार, नाहीतर जीन्स घालून जाईन. बोर्गिलने सुई खाली ठेवली आणि बंडीला इस्त्री करायला घेतली.

कन्फर्मेशनच्या रविवारी लख्ख ऊन पडलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते सोसेना, पाणी वाहायला लागलं, म्हणून हेगेने सासूला आपला काळा चष्मा घातला. बुनाडवर काळा चष्मा! बोर्गिल तो घालून चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली, जिथे ती जन्मभर उभी राहिली होती. बायका समोरून गेल्या. एकीने बघितलं आणि पटकन मान वळवली. दुसरी गोड हसली. "बरं वाटतंय ना आता?" कुणीतरी विचारलं. तूवा बाहेर आली, उन्हात तिची बंडी ताडपत्रीसारखी चमकली, आणि सगळ्या म्हणाल्या, "किती गोड! आजीने केलाय ना? एवढ्या डोळ्यांनी, बाई!" बोर्गिलने दात आवळून धरले. तिला तिथून घरी पळून जायचं होतं.

तेवढ्यात पायरीवर कुणाची तरी सावली पडली.

"बुनाडवर काळा चष्मा, बोर्गिल?"

ओस्लाउग होती. वर्षभरात पहिल्यांदा बोलत होती.

"डॉक्टरने सांगितलंय," बोर्गिल म्हणाली.

"डॉक्टर भरतकाम करते का?" ओस्लाउगने तूवाकडे मोर्चा वळवला. "पोरी, इकडे ये. उजेडात उभी राहा."

हेगे धावत आली. "आईंनी खूप कष्ट घेतलेत हो. ऑपरेशन झालंय, त्यातून..."

"ऑपरेशनचं मला माहीत आहे. मी बंडी बघतेय." आणि ती बघत राहिली, वाकून, अगदी जवळून, बाही बाजूला सारून. स्टेइनार कुणाशी तरी बोलत होता, तो वळून बघायला लागला.

"निळा चुकलाय," ओस्लाउग म्हणाली. "या वरच्या दोन फुलांचा बरोबर आहे. खालचा सगळा भडक. आणि हा देठ, तिसऱ्या फुलाचा, तो डावीकडे कसा वळवलास?"

तूवा आजीकडे बघायला लागली.

"कुठला देठ?" बोर्गिलने काळा चष्मा काढला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि दोन पायऱ्या मागे सरकली. भर उन्हात तिने तो देठ शोधला. "खरंच की," ती म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही."

"येणार कसं? मधेच दमली होतीस तू. टाका सांगतोय."

"तुझ्या लेकीचा निळा बरोबर होता, ओस्लाउग."

"माहीत आहे मला. त्याचं आपण नंतर बोलू. मला त्याचा राग आहे अजून."

बोर्गिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हेगे घाबरून पर्समधली थेंबांची बाटली शोधत पुढे आली.

"तू गप्प बस जरा, थेंब राहू देत," बोर्गिल तिला म्हणाली आणि तूवाला खांद्याला धरून तिने पुन्हा ओस्लाउगसमोर उभं केलं. "हं, बोल. आणखी काय काय चुकलंय?"